खड्ड्याच्या काठी बसलेले भाऊ

पाठाचा शास्त्रभाग : उत्पत्ति ३७:२-३६, ४२:२१, २२

योसेफाची गोष्ट आमच्या शब्बाथशाळांतून इतक्या वेळा सांगितली जाते की लहान मुलेही ती मध्येच तोंडातून काढून घेऊन पुढे नेतात. झगा, स्वप्ने, खड्डा, मिसर देश, तुरुंग, दुष्काळ आणि शेवटी भावांची भेट. या वाटेवर एक लहानशी गोष्ट बहुधा गाळूनच आपण पुढे जातो. सतरा वर्षांच्या त्या मुलाचा झगा काढून घेऊन त्याला कोरड्या खड्ड्यात टाकल्यावर त्याचे भाऊ जेवावयास बसले.

त्या वेळी खड्ड्यातून काय ऐकू येत होते, हे सदतिसावा अध्याय सांगत नाही. ते कळण्यासाठी बेचाळिसाव्या अध्यायापर्यंत जावे लागते. मध्ये वीसएक वर्षे लोटली आहेत. भाऊ धान्यासाठी मिसरात आले आहेत, संकटात सापडले आहेत, आणि तेव्हा ते आपसांत कबूल करतात की तो काकुळतीने विनवीत होता, त्याच्या जिवाची तगमग आपल्याला दिसत होती, तरी आपण ऐकले नाही. म्हणजे आवाज येत होता. जेवणाऱ्यांनी तो ऐकला होता, आणि वीस वर्षांनीही तो त्यांच्या कानांतून गेला नव्हता.

शाळेत मुले मुलांचा जो छळ करतात, त्याचा अभ्यास करण्यासाठी या महिन्यात आम्ही हा शास्त्रभाग घेत आहोत. व्यसने, सिनेमा, मोबाईल यांवर आमच्या मंडळ्यांतून पुष्कळ बोलले जाते. मधल्या सुट्टीत शाळेच्या संडासामागे काय चालते, यावर क्वचितच कोणी बोलतो. 'मुलेच ती, चालायचेच' असे म्हणून विषय मिटतो. आईबापांनी, शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आणि तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी हा पाठ एकत्र बसून वाचावा अशी आमची विनंती आहे.

प्रथम, कशास छळ म्हणावे? दोन मित्र एकमेकांस चिडवतात, भांडतात, चार दिवस कट्टी करतात आणि पाचव्या दिवशी एका डब्यात जेवतात. तो छळ नव्हे. नॉर्वेमध्ये आयुष्यभर या विषयाचा अभ्यास केलेले डान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. तो हेतुपुरस्सर असतो, तो पुन:पुन्हा होतो, आणि ज्याच्यावर तो होतो त्याला स्वत:चा बचाव करणे अवघड असते, कारण बळ एकाच बाजूला असते. बळ म्हणजे मनगटाचेच असे नाही. संख्या, वय, पैसा, जात, भाषा, वर्गातील वजन, यांपैकी कशाचेही असू शकते. आपल्या जुन्या भाषेत यास दांडगाई म्हणत. तो शब्द पुन्हा वापरात आणावा असे आम्हांस वाटते, कारण 'मस्ती' या शब्दाखाली फार काही लपून राहते.

योसेफाच्या घरी या तिन्ही खुणा दिसतात. बन्यामीन लहान होता, म्हणून एकाच्या विरुद्ध दहा. भावांना त्याच्याशी धड बोलवत नव्हते, आणि हे एका दिवसाचे नव्हते. शेतात तो दुरून येताना दिसताच त्यांनी त्याला त्याच्या नावाने न ओळखता स्वप्नांवरून कुचेष्टेचे नाव लावले. छळाची सुरुवात अनेकदा नाव बदलण्यापासून होते. ज्या मुलाला वर्गात कोणीच त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत नाही, त्याच्याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.

ओल्वेयस यांच्या कामामागे एक दु:खद घटना आहे. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केली. सोबत्यांनी केलेला छळ हेच त्याचे कारण असावे असे दिसून आले. सारा देश हलला, आणि १९८३ मध्ये तेथील शिक्षण खात्याने देशभर शाळांतून मोहीम सुरू केली. बर्गन शहरातील शाळांत ओल्वेयस यांनी सुमारे अडीच हजार मुलांचा दोन-अडीच वर्षे मागोवा घेतला, तेव्हा छळाचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक खाली आले. पुढे निरनिराळ्या देशांत असे जे प्रयत्न झाले, त्यांचा एकत्रित हिशोब २००९ मध्ये मांडला गेला. त्यात सरासरी घट वीस टक्क्यांच्या आसपास निघाली. नॉर्वेइतके यश सर्वत्र आले नाही, हे खरे. तरी पाचांत एका मुलाची सुटका होत असेल तर 'चालायचेच' म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील जवळजवळ तीनांतील एका विद्यार्थ्याला आदल्या महिन्यात एकदा तरी असा त्रास झालेला होता.

आपल्या मंडळ्यांतील मुलांपुरते बोलावयाचे तर काही गोष्टी वाचकांच्या ओळखीच्या असतील. बेळगावकडे घरी मराठी आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, वडोदऱ्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू आणि उर्दू. बदलीवर आलेल्या घरातील मूल नव्या वर्गात उभे राहून धडा वाचू लागले की एखादा उच्चार घसरतो, कोणीतरी हसतो, आणि तो उच्चार वर्षभर त्याच्या पाठीस लागतो. आडनाव, रंग, जाडी, तोतरेपणा, थकलेली फी, डब्यातील पदार्थ, रविवारी देवळात जाणे, कशावरूनही सुरू होऊ शकते. कारण शोधण्यात फारसा अर्थ नसतो, कारण ते काढून टाकले तर दुसरे सापडते.

परंतु येथेच थांबलो तर आपण स्वत:ची फसवणूक करू. आमची मुले नेहमी खड्ड्यातच असतात असे नाही. मराठी शाळेत बाहेरून आलेल्या कामगाराच्या मुलाच्या मराठीला हसणारे आमच्याच घरचे असतात. उपासनेला नवे कपडे घालून येणारी मुले वस्तीतून येणाऱ्या मुलांबरोबर शब्बाथशाळेच्या बाकावर बसत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे. मोठ्या मुलांचे कपडे कोण धुवत असे, लहानांच्या ताटातली भाजी कोठे जात असे, दिवे मालवल्यावर काय होत असे. बरेच जण हसत सांगतील. काही जण सांगणार नाहीत, आणि त्यांचे न सांगणेही समजून घ्यावे.

मुलींमधील छळ बहुधा आवाज करीत नाही. एकीला गटातून काढले जाते, ती आली की बोलणे थांबते, तिच्याविषयी एक खोटी गोष्ट पसरविली जाते. अंगावर वळ नसतो, म्हणून मोठ्यांना तो दिसत नाही. आणि आता मोबाईलने आणखी एक दार उघडले आहे. पूर्वी मूल घराचा उंबरठा ओलांडून आत आले की निदान दुसऱ्या सकाळपर्यंत सुटत असे. आज वर्गाचा व्हॉट्सॲप गट त्याच्याबरोबर अंथरुणात येतो. कोणीतरी काढलेला फोटो, त्यावर चाळीस जणांचे हसण्याचे चेहरे, आणि पहाटे दोन वाजता ते सारे पुन्हा पाहणारे मूल.

आता पाठाच्या मुख्य भागाकडे येऊ. खड्ड्याच्या काठी जे बसले होते त्यांच्यापैकी रऊबेनाचा विचार करू. तो थोरला. योसेफाला ठार मारू नये, खड्ड्यात टाकावे, असे त्यानेच सुचविले. मागाहून गुपचूप काढून बापाकडे पोचवावे असा त्याचा बेत होता. त्याच्यामुळे जीव वाचला, हे त्याचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. परंतु 'याला सोडा' असे तो दहांसमोर मोठ्याने बोलला नाही. आपला चांगला हेतू त्याने पोटात ठेवला. व्यापाऱ्यांचा तांडा आला आणि योसेफ वीस रुप्यांना विकला गेला, तेव्हा रऊबेन तेथे नव्हता. परत येऊन पाहतो तो खड्डा रिकामा. मग त्याने वस्त्रे फाडली.

आपल्या वर्गावर्गांत असे रऊबेन बसलेले असतात. त्यांना छळ आवडत नाही, ते स्वत: हात लावत नाहीत, त्यांना वाईट वाटते. पण त्यांचे वाईट वाटणे खड्ड्यातल्या मुलाला कळत नाही. त्याला इतकेच दिसते की सगळे पाहत आहेत. आणि जो छळतो त्यालाही तेच दिसते. फिनलंडमधील क्रिस्टीना साल्मिव्हाली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९६ मध्ये हे बारकाईने मांडले. छळ हा दोघांतला मामला नसतो. कोणी हात देतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी बाजूला सरतो, आणि थोडे जण बाजू घेतात. छळणाऱ्याला जे हवे असते ते मुख्यत: या प्रेक्षकांकडून मिळते. प्रेक्षक उठून गेले तर खेळ लांबत नाही.

कॅनडात काही शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून मुलांचे निरीक्षण करण्यात आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात छळाच्या तीनशेहून अधिक प्रसंगांची नोंद आहे. शंभरांतील अठ्ठ्याऐंशी प्रसंगी इतर मुले जवळ होती. मध्ये कोणी पडले ते मात्र शंभरांत एकोणीस वेळाच. आणि जेव्हा एखादे मूल मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! एवढ्या वेळात शिक्षक वर्गातून मैदानापर्यंतही पोचत नाहीत.

म्हणून शब्बाथशाळेत योसेफाचा पाठ घेताना 'तुम्ही योसेफासारखे व्हा' एवढ्यावर थांबू नये. बहुतेक मुले योसेफाच्या जागी नसतात, काठावर असतात. त्यांना विचारावे, रऊबेनाने त्या दिवशी काय केले असते तर? अगदी साध्या, करण्याजोग्या गोष्टी शिकवाव्यात. हसू नये. फोटो पुढे पाठवू नये. 'चल, माझ्याबरोबर ये' म्हणून त्या मुलाला तेथून घेऊन जावे. दुसऱ्या दिवशी डबा त्याच्या शेजारी उघडावा. एकट्याची हिंमत होत नसेल तर आणखी दोघांना बरोबर घ्यावे. मारामारीत उडी घेण्यास आम्ही सांगत नाही. जेथे मार बसत असेल तेथे धावत जाऊन मोठ्या माणसाला बोलवावे. ही वाक्ये मुलांकडून म्हणवून घ्यावीत, छोटा प्रवेश करून घ्यावा. आयत्या वेळी शब्द सुचत नाहीत म्हणूनही पुष्कळ मुले गप्प राहतात.

मोठ्या माणसाला सांगणे म्हणजे चहाडी, ही समजूत मात्र आपणच मुलांच्या डोक्यात घातली आहे. 'सारख्या तक्रारी आणू नकोस' हे वाक्य दर घरी असते. मुलांना फरक सोप्या शब्दांत सांगता येतो. कोणाला अडचणीत आणण्यासाठी सांगितले तर ती चहाडी, आणि कोणाला अडचणीतून सोडविण्यासाठी सांगितले तर ती मदत. सात वर्षांच्या मुलालाही हे कळते.

तरीही छळले जाणारे मूल बहुधा स्वत:हून सांगत नाही. त्याला लाज वाटते, सांगितल्यावर त्रास वाढेल अशी भीती वाटते, आणि आईबापांना दु:ख होईल याचीही काळजी असते. मग दुसऱ्या गोष्टी बोलू लागतात. डबा भरलेला परत येतो. सोमवारी सकाळी पोट दुखते आणि शनिवारी दुखत नाही. वह्या फाटतात, पेन हरवते, पैसे मागितले जातात. मूल घरी येताच संडासात धावते, कारण दिवसभर शाळेच्या संडासात जाण्याची त्याची छाती होत नाही. आवडता विषय एकाएकी नावडता होतो. यांपैकी एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये, पण दोन-तीन एकदम दिसल्या तर जवळ बसून विचारावे. 'तुला कोणी त्रास देते का?' यास 'नाही' हेच उत्तर येते. 'मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस?' यास जे उत्तर येते, किंवा येत नाही, त्यावरून अधिक कळते.

आणि सांगितले, तर आपण काय म्हणतो? एक बाप म्हणतो, लक्ष देऊ नकोस. मूल महिनाभर तेच करीत आलेले असते. दुसरा म्हणतो, तूही एक ठेवून दे. बळ एकाच बाजूला आहे म्हणून तर हा छळ, तेव्हा हा सल्ला दुबळ्याला आणखी मार खाण्यास पाठविणारा आहे. तिसरा विचारतो, तू काय केलेस? ते ऐकून मूल पुन्हा तोंड उघडत नाही. प्रथम एवढेच म्हणावे की, 'सांगितलेस हे बरे केलेस. यात तुझा दोष नाही. आता हे आपण मिळून पाहू.' मग शांतपणे सारे ऐकून तारखेनिशी लिहून ठेवावे. मोबाईलवरील मजकूर रागाने पुसून टाकू नये, त्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. दुसऱ्या मुलाच्या घरी भांडावयास जाऊ नये. वर्गशिक्षकांना भेटावे, आठवड्यात काही हालचाल न दिसल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या आहेत, तेव्हा अशा शाळेत समिती कोठे आहे हे विचारण्यास संकोच नको. मुलाला तातडीची मदत लागली तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी देशभर विनामूल्य आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आली तर ती धमकी समजून उडवून लावू नये, त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला अहोरात्र मिळतो.

शाळेत, आणि आमच्या मंडळ्यांत विशेषेकरून, एक चूक फार वेळा होते. दोघांना समोरासमोर उभे करून 'चला, हात मिळवा, सॉरी म्हणा, आता तुम्ही मित्र' असे सांगितले जाते. दोघे बरोबरीचे असते तर हे योग्य होते. येथे एक जण दुसऱ्याच्या दहशतीखाली आहे. तो हात मिळवितो आणि दरवाज्याबाहेर पडताच त्याची किंमत मोजतो. दोघांशी निरनिराळे बोलावे हेच बरे.

यालाच जोडून क्षमेचा प्रश्न येतो. प्रभूने दुसरा गाल पुढे करावयास सांगितले आहे, तेव्हा सहन कर, क्षमा कर, असे त्या मुलालाच सांगणारे धार्मिक लोक आहेत. आमचे मत स्पष्ट आहे. आपला गाल पुढे करणे हा ज्याचा गाल आहे त्याचा निर्णय आहे. छळ थांबविण्याची शक्ती ज्यांच्या हाती आहे अशा मोठ्यांनी लेकराचा गाल पुढे करू नये. योसेफाने भावांना क्षमा केली, पण ती केव्हा, हे पाहावे. वर्षे गेली, तो त्यांच्या हाताबाहेर सुरक्षित होता, आणि भाऊ बदलले आहेत की नाहीत हे त्याने कसून पाहिले. त्याआधी त्याने आपली ओळखही दिली नाही. दोन दिवसांपूर्वी मार खाल्लेल्या सातवीतल्या मुलाकडून आपण त्याहून अधिक मागतो, हे न्यायाचे नाही.

राहिला सर्वांत कठीण प्रसंग. शाळेतून निरोप येतो आणि कळते की छळणारा आपलाच मुलगा आहे. 'आमचा तसा नाही' हे पहिले वाक्य. दुसरे, घरी आल्यावर पट्टा. पट्ट्याने मुलगा एवढेच शिकतो की ज्याच्या हाती बळ त्याने मारावे, आणि ते तो आधीच शिकलेला असतो. दुर्लक्षही परवडणारे नाही. ओल्वेयस यांनी सहावी ते नववीत दांडगाई करणाऱ्या मुलांचा पुढे माग काढला, तेव्हा त्यांपैकी सुमारे साठ टक्के मुलांना चोविसाव्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या गुन्ह्यात निदान एकदा शिक्षा झालेली आढळली. म्हणजे वेळीच थांबविणे ही त्या मुलावरही दयाच आहे. ठामपणे सांगावे की हे थांबले पाहिजे. जे मोडले ते भरून द्यावयास लावावे, मोबाईलवर काही दिवस नजर ठेवावी, शाळेशी भांडण्याऐवजी शाळेबरोबर उभे राहावे. आणि घराकडेही पाहावे. याकोबाने एकाला झगा दिला आणि दहांना दिला नाही. घरात वैर शिजत आहे हे त्याला दिसले होते, तरी त्याने ते मनात ठेवले, आणि त्याच मुलाला एकट्याने भावांकडे पाठविले. भावांचा दोष त्याने कमी होत नाही, पण बापाचाही वाटा त्यात आहे. भावाभावांची तुलना, जेवताना शेजाऱ्यांची टवाळी, मोलकरणीशी बोलण्याची रीत, या साऱ्यांतून मुले शिकत असतात.

अशी मुले बदलत नाहीत असे मानू नये. योसेफाला विकण्याची कल्पना यहूदाची. चव्वेचाळिसाव्या अध्यायात तोच यहूदा बन्यामिनाच्या ऐवजी स्वत: गुलाम होण्यास पुढे येतो. या वेळी तो सर्वांसमोर, मोठ्याने बोलतो.

तरुण संघांनी हा विषय एका सभेपुरता न ठेवता वर्षातून दोनदा घ्यावा, शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, कारण नवे गट साधारण त्याच सुमारास जमतात. शब्बाथशाळेच्या प्रत्येक वर्गात मुलांना विश्वासाने बोलता येईल अशा एका बाईंचे किंवा सरांचे नाव सांगून ठेवावे. आणि एखाद्या मुलाची तक्रार मिटली असे शाळेने कळविले तरी तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा विचारावे, मधल्या सुट्टीत हल्ली कोणाबरोबर असतोस?